चार शब्द आणि 'माले पानी दे': खानदेशातल्या अंगणवाडीची भाषा

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हा देशभरात तिचे प्रकल्प ३३ होते. सहा सेवांपैकी शाळापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांनाच होतं. त्याखालच्या बाळाच्या वाट्याला आहार, लस आणि वजनकाटा. पुढे नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातलं कुपोषण गाजलं आणि वजनाचा तक्ता भरणं हेच अंगणवाडीचं मुख्य काम होऊन बसलं. ते गरजेचंच होतं. पण बाळाशी कोण, कोणत्या भाषेत बोलतं हा प्रश्न मागे पडला तो पडलाच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात 'शक्य तोवर मातृभाषा' होतं, पण तो कायदा सहा वर्षांपुढच्या मुलांचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला आणि निदान पाचवीपर्यंतच्या माध्यमासाठी चार शब्द एका ओळीत मांडले: घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा. पुण्यातल्या मराठी घरात हे चारही एकच. धडगावच्या पाड्यावर घरी पावरी ही आदिवासी भाषा, शहाद्याच्या बाजारात गुजरांची गुजरी नि खानदेशाची अहिराणी, पाटीवर मराठी. यातली कोणतीही एक निवडली तरी धोरण पाळल्यासारखं होतं, आणि निवडली जाते ती शेवटची.

अहिराणीचा तर नावापासून घोळ. १९०७ साली छापलेल्या, ग्रियर्सनच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणाच्या खंडात ती 'खानदेशी' म्हणून भिल्ली भाषांच्या शेजारी बसवली. आपल्याकडे तिला मराठीची बोली म्हणायची सवय. जनगणनेत 'खानदेशी' वेगळी मोजतात. २००१ ला सुमारे २० लाख ७५ हजार, २०११ ला १८ लाख ६० हजार. बोलणारी माणसं एवढी घटली नसावीत, मातृभाषा 'मराठी' सांगणारी वाढली असावीत. एकदा तसं लिहिलं की कागदोपत्री पोर मातृभाषेतच शिकतंय.

अमळनेर-पारोळ्याकडे तीन वर्षांचं पोर 'माले पानी दे' म्हणतं. सेविका गावातलीच, दारात त्याच्या मायशी अहिराणीतच बोलणारी. पोराकडे वळली की म्हणते, 'माले नाही, मला म्हण.' पोर गप्प होतं, पाणी न मागता बसून राहतं. 'हाई ले पानी, गार शे' असं उत्तर मिळालं असतं तर त्याने पुढचं वाक्य जोडलं असतं. त्या वयात भाषा वाढते ती अशी, बोलल्याला उत्तर मिळत गेलं की. मराठी त्याच्या जोडीने येतेच.

२०२४ मध्ये शून्य ते तीन वयासाठी वेगळा आराखडा आला. ३६ महिन्यांचं वेळापत्रक, १४० कृती, घरभेटीत आईबापांना बाळाशी बोलायला-खेळायला सांगायचं. जवळपास पन्नास वर्षांनी का होईना, फार बरं झालं. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी येणारी आजी त्या घरात बसलेलीच असते. खानदेशात सेविकेने पहिल्या भेटीत तिला सांगावं, बाळाशी अहिराणीतच बोला.