स्किड स्टीअर लोडरचे अटॅचमेंट लॉक : बिघाड व तपासणी

अटॅचमेंट लॉक म्हणजे स्किड स्टीअर लोडर (चाकांवर चालणारा छोटा लोडर) आणि रबरी ट्रॅकवर चालणारा कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर यांच्या भुजांच्या टोकाला बकेट, फोर्क, ऑगर (खड्डे पाडणारा), ब्रेकर (काँक्रीट फोडणारा) अशी साधने पक्की धरून ठेवणारी यंत्रणा. तिची मापे आयएसओ २४४१० या मानकात ठरलेली आहेत. त्यामुळे एका कंपनीची बकेट बहुधा दुसऱ्या कंपनीच्या लोडरवर बसते. उभे राहून चालवायच्या मिनी लोडरची साधन जोडायची प्लेट मात्र वेगळी व लहान असते.

लोडरच्या प्लेटची वरची कड साधनाच्या मागच्या चौकटीवरील ओठाखाली अडकते. प्लेट मागे झुकवली की साधन तिच्यावर टेकते. मग दोन लिव्हर खाली दाबले की दोन निमुळत्या पाचरी चौकटीच्या तळाच्या खाचांतून खाली उतरतात. वजन मुख्यतः वरची कड पेलते. पाचर खालची बाजू सुटू देत नाही. पाचरीमागे स्प्रिंग असते. झीज होत जाईल तशी पाचर आणखी खाली सरकून फट भरून काढते.

लिव्हर खाली गेला म्हणजे लॉक झाले, हा समज सर्वांत घातक आहे. पाचरीचे टोक खाचेतून बाहेर आलेले डोळ्यांनी दिसले पाहिजे, आणि पाचर खाचेच्या खालच्या कडेला घासून टेकली पाहिजे. पाचर पूर्ण खाली जाऊनही कडेला टेकत नसेल तर पाचर झिजली आहे किंवा साधनाची खाच रुंदावली आहे. अशी बकेट खडखडते आणि सुटूही शकते. त्याच लोडरवर दुसरे साधन लावून पाहावे. तेही ढिले बसले तर दोष बहुधा पाचरीत वा प्लेटच्या कडेत. घट्ट बसले तर पहिल्या साधनाच्या चौकटीत. झिजलेल्या पाचरीवर वेल्डिंगचा थर चढवणे टाळावे, नवीनच बसवावी. पाचरीचा निमुळता उतार थोडा जरी बिघडला तरी ती खाचेत अर्ध्यावर अडकते.

लिव्हर जड जात असेल तर जोर लावण्याआधी चौकटीचा तळ पाहावा. तिथे चिखल, खडी किंवा डांबर दाबून बसते आणि साधन प्लेटला सपाट टेकत नाही. ते खरवडून काढावे. उघडताना लिव्हर हलत नसेल तर साधनाचा भार पाचरीवर आलेला असतो. बकेट किंचित पुढे-मागे झुकवून तो हलका करावा. लिव्हरला पाइप लावून उपटल्यास लिव्हर वाकतो, आणि पुढे तो खाली दिसला तरी पाचर अर्धवटच उतरते. गंजलेल्या पाचरीवर भेदक तेल सोडून ती वर-खाली करावी, मग निपलमधून ग्रीस भरावे. एक लिव्हर दुसऱ्यापेक्षा सैल लागला तर त्या बाजूची स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता मोठी. स्प्रिंगच्या ताणाने लिव्हर झटक्यात उलटतो, म्हणून तोंड व बोटे त्याच्या मार्गात ठेवू नयेत.

काही लोडरवर लिव्हरऐवजी तेलाच्या दाबाने पाचरी सरकवणारे हायड्रॉलिक लॉक असते. त्यात आधी फ्यूज, स्विच आणि वायरचे जोड पाहावेत. स्विच दाबल्यावर सोलेनॉइडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) टोकाशी स्क्रूड्रायव्हर धरला आणि तो ओढला गेला, तर कॉइलला वीज मिळते आहे. मग अडलेला व्हॉल्व्ह, तेलाची पातळी, होज आणि सिलिंडरची सील पाहावी. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. दाबाखालील तेल कातडीत घुसते. सिलिंडर चालतो पण एकच पाचर उतरते, तर दुसऱ्या बाजूचा दांडा किंवा त्याची पिन तपासावी.

ही सगळी हाताळणी भुजा खाली, पार्किंग ब्रेक लावलेला आणि इंजिन बंद असताना करावी. इंजिन केवळ बकेट झुकवण्यापुरते व हायड्रॉलिक चाचणीपुरते सुरू ठेवावे व तेव्हा साधनाजवळ कोणी उभे राहू नये. शेवटी बकेट पुढे झुकवून तिची धार जमिनीवर दाबावी, लोडरची पुढची चाके जराशी उचलू द्यावीत आणि प्लेट व चौकट यांत खाली फट पडते का ते पाहावे. थोडे काम झाल्यावर पाचरी पुन्हा पाहाव्यात. दाबून बसलेली माती तोवर निघते आणि लपलेली ढिलाई उघडी पडते.