क्लीनिंग केल्यावर दात का शिवशिवतात?

दातांचं क्लीनिंग करून आलं की दुसऱ्या दिवशी गार पाण्याचा घोट घेताना सणकन कळ जाते आणि मग माणूस म्हणतो, बघा, चांगले होते दात, मशीनने घासून पातळ करून टाकले. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, सरळ दात आतून कसा असतो तेच सांगायला लागतो.

वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट, वजनाने जवळपास ९६ टक्के खनिज, आणि त्यात नस अजिबात नाही, त्यामुळे त्याला दुखतच नाही. दुखतं ते खालच्या थराला, डेंटिनला. डेंटिन दिसायला घट्ट वाटतं पण त्यात बारीक बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २० ते ४५ हजार, आणि प्रत्येक नळीत थोडं पाणी भरलेलं. नळ्यांचं आतलं टोक दाताच्या नसेपाशी जातं. मुळावर इनॅमल नसतंच, तिथे सिमेंटम नावाचा अगदी पातळ थर असतो आणि त्याच्यावर हिरडीचं पांघरूण. हिरडी खाली सरकली की तो पातळ थर लवकर झिजतो आणि नळ्यांची तोंडं उघडी पडतात.

मग गार पाणी लागलं की नळीतलं पाणी झटकन बाहेरच्या बाजूला सरकतं, त्या ओढीने आतली नस दचकते आणि आपल्याला कळ जाणवते. म्हणजे गारवा नसेपर्यंत पोचायच्या आधीच पाण्याच्या हालचालीने काम झालेलं असतं. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. नुसती वाऱ्याची फुंकर का झोंबते तेही यातूनच कळतं, हवेने नळीच्या तोंडाशी पाणी सुकतं आणि आतलं वर ओढलं जातं.

आता क्लीनिंग. दातावर रोज जो चिकट थर बसतो तो प्लाक, तो काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसत जातं आणि दगडासारखा टार्टर तयार होतो, जो ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तो जास्त असतो कारण लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. स्केलिंगच्या, म्हणजे या क्लीनिंगच्या, मशीनचं टोक सेकंदाला २५ हजार किंवा त्याहून जास्त वेळा थरथरतं आणि टार्टर फोडून काढतं, ते दात खरवडणारं पातं नाही, आणि पाण्याचा फवारा असतो तो टोक गरम होऊ नये म्हणून. नंतर रबरी कपाने पॉलिशिंग करतात. हिरडीच्या खाली साचलेलं काढायचं असेल तर रूट प्लेनिंग करतात, म्हणजे मूळ साफ करून गुळगुळीत करतात, त्यानंतर मात्र दात जास्त शिवशिवतात.

गंमत अशी की इतकी वर्षं त्या टार्टरनेच उघड्या मुळाला झाकून ठेवलेलं असतं. ते निघालं, सुजलेली हिरडी ओसरून आवळली, की फट दिसते, मूळ उघडं पडतं आणि आपण दोष मशीनला देतो. दात हलल्यासारखे वाटतात तेही बऱ्याचदा यामुळेच, टार्टर दातांना बाजूने धरून होता आणि हाड आधीच झिजलेलं होतं. बहुतेक वेळा ही शिवशिव काही दिवसांत कमी होते. पांढरे करायचं ब्लीचिंग वेगळं, त्यात पेरॉक्साइड दातात आतपर्यंत झिरपतं म्हणून कळा येतात.

सेन्सिटिव्हिटीच्या पेस्टमध्ये दोन प्रकार असतात. पोटॅशियम नायट्रेटवाली नसेला शांत करते, स्टॅनस फ्लोराइडवाली नळ्यांची तोंडं बुजवते. दोन्हींना रोज वापरून काही आठवडे लागतात, चार दिवसांत फेकून देणाऱ्यांना फरक कुठून दिसणार. ब्रश मऊ हवा आणि जोर कमी. लिंबासारखं आंबट खाऊन दात आंबले असताना लगेच ब्रश करू नका, तोंडातला आंबटपणा वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल मऊ पडतं, आणि झिजलेलं इनॅमल शरीर परत बनवत नाही, त्याच्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात.

गार काढून घेतल्यावरही कळ बराच वेळ राहते, रात्री आपोआप ठणका लागतो किंवा गरमाने वाढतो, तर ती साधी शिवशिव नव्हे, नसेलाच सूज आलेली असू शकते. अशा वेळी पेस्ट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.