चिंता आणि नैराश्य : बोलायचं, पण नेमकं काय?

नैराश्य घेऊन डॉक्टरांपुढे बसलेला माणूस बरेचदा ‘मी उदास आहे’ असं म्हणतच नाही. झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, पोट बिघडलंय, छातीत धडधडतं, अशी शरीराचीच गाऱ्हाणी पुढे येतात. ती खोटी नसतात. या आजारांत हे सगळं खरोखर होतं. पण मनाचा विषय निघालाच नाही, तर तपासणी पोटाची होते आणि गोळीही पोटाचीच मिळते.

म्हणून जाण्याआधी चार ओळी कागदावर लिहून न्याव्यात. कधीपासून, आठवड्यातले किती दिवस, आणि आधी सहज जमणारं आता काय जमत नाही. ‘मूड नसतो’ हे ऐकून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. ‘तीन आठवडे झाले, पहाटे चारला जाग येते ती येतेच, आंघोळसुद्धा दोन-दोन दिवस राहते, आवडीची गाणी लावावीशी वाटत नाहीत’ यातून बरंच कळतं. नैराश्याच्या निदानात मुदतीला महत्त्व आहे. ठरलेल्या ९ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज असावी लागतात, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवंच. सतत कशाची ना कशाची काळजी लागून राहणाऱ्या चिंताविकारात ही मुदत ६ महिन्यांची. चालू औषधं, दारू, थायरॉइडचा त्रास हेही लिहावं. थायरॉइड मंदावलं की माणूस अगदी नैराश्य आल्यासारखाच दिसू शकतो.

एक गोष्ट मात्र हमखास सांगायची राहते. मागे कधी सलग काही दिवस जेमतेम झोपूनही उत्साह ओसंडत होता, पैसे बेफाम उडवले, असं झालं असेल तर ते आवर्जून सांगावं. आजार द्विध्रुवी (बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी बेफाम उत्साह असा) असेल आणि फक्त नैराश्यावरची गोळी सुरू झाली, तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं.

तोंडातून शब्दच फुटत नसतील, तर ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली भरून न्यावी. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. निदान त्यावरून होत नाही, पण बोलणं सुरू होतं.

बोलल्याने मेंदूत काय होतं? मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये काही जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये भावनांनी भरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला ‘राग’, ‘भीती’ असा शब्द देताना धोक्याची दखल घेणाऱ्या ‘अमिग्डाला’ या मेंदूतल्या भागाची सक्रियता कमी झाली आणि मेंदूच्या पुढच्या भागातला एक पट्टा जास्त कामाला लागला. हा परिणाम त्या घडीपुरता आहे. त्याला उपचार म्हणणं म्हणजे अतिशयोक्तीच.

शिवाय सगळंच बोलणं हितकारक नसतं. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींचा अभ्यास केला. एकच दुःख मैत्रीत पुन्हापुन्हा उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, पण चिंता आणि उदासीची लक्षणंही जास्त होती. चिंतेत हेच दुसऱ्या रूपात दिसतं. ‘मला काही होणार नाही ना?’ ‘नाही गं, काही नाही होत.’ दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तोच प्रश्न. सुटका त्या उत्तराने झाली एवढंच मेंदू शिकतो, आणि भीती आपोआप ओसरते हे शिकायचं राहूनच जातं. घरच्यांनी अशा वेळी उत्तर देण्यापेक्षा ‘पुन्हा तीच भीती आली का? मी बसते इथे, जरा थांबून बघू’ असं म्हणावं. पहिले काही दिवस हे फार कठोर वाटतं, आणि समोरचा चिडतोही.

घरी सांगताना एकच माणूस निवडावा आणि एकच काम मागावं : ‘मंगळवारी डॉक्टरांकडे माझ्यासोबत ये.’ ‘मला समजून घे’ म्हटलं की ऐकणारा गडबडतो आणि सल्ले द्यायला लागतो.

औषधांबद्दल तर अजिबात संकोच नको. नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा फायदा दिसायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात येते. लैंगिक इच्छा कमी होते, ते लाजेपोटी कोणी सांगत नाही आणि गोळी परस्पर बंद होते. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होतात. डॉक्टरांना सांगितलं तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीचे काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं, कारण या वयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

ते विचार आहेत का, हे जवळच्या माणसाने सरळ विचारावं : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा समज अभ्यासांत खरा ठरलेला नाही. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न : कसं, कधी, साधन हाताशी आहे का? बेत ठरलेला असेल तर त्या व्यक्तीला क्षणभरही एकटं सोडू नये. गोळ्यांचा साठा, कीटकनाशक, दोर घरातून हलवावेत आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जावं.