मंदी

मंदी (स्त्रीलिंगी नाम) : बाजारभाव उतरण्याची किंवा आर्थिक व्यवहार आक्रसण्याची अवस्था. मूळ संस्कृत ‘मंद’. जोडीचा ‘तेजी’ हा शब्द मात्र फारसी ‘तेज’वरून आलेला.

व्यापाऱ्यांच्या बोलीत मंदी एकेका मालाची असते. ‘तुरीत मंदी आहे’ म्हणजे तुरीचा भाव पडतो आहे, मालाला उठाव नाही. शेअर बाजारातला मंदीवाला भाव पडणार या हिशेबाने आधी विकतो आणि पडल्यावर खरेदी करून सौदा पुरा करतो. मंदी हाच त्याचा हंगाम.

अर्थशास्त्रात तोच शब्द भावाऐवजी देशाचे उत्पादन, रोजगार आणि मागणी यांच्या घसरणीला लावतात. त्यामुळे दोन्ही अर्थ एकमेकांच्या उलट जाऊ शकतात. ऑगस्ट 2020 मध्ये सोन्याने औंसाला 2,000 डॉलरचा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला. सराफ्यात तेजी होती आणि देश मंदीत. त्या वर्षी एप्रिल-जून तिमाहीत भारताचे सकल देशांतर्गत उत्पादन सुरुवातीच्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी, तर पुढच्या तिमाहीत 7.5 टक्क्यांनी घटले. सलग दोन तिमाह्या घट, म्हणून ‘तांत्रिक मंदी’ हा शब्दप्रयोग तेव्हा बातम्यांत रुळला.

दोन तिमाह्यांची ही कसोटी 1974 मध्ये अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञ ज्युलियस शिस्किन यांच्या एका लेखातून पसरली. त्यांनी इतरही निकष दिले होते. लोकांच्या लक्षात सोपा तेवढा राहिला.

वाढीचा दर 8 टक्क्यांवरून 5 वर आला तर ती मंदी नव्हे, अर्थव्यवस्था मंदावणे होय. मथळ्यांत हा फरक सर्रास पुसला जातो. दीर्घ आणि खोल मंदीला महामंदी म्हणतात. 1929 नंतरच्या महामंदीत, 1933 साली, अमेरिकेत साधारण दर चार कामगारांपैकी एक बेकार होता.

मंदी ‘येते’, तिचे ‘सावट’ पडते, ‘झळ’ लागते. क्रियापदे बहुतेक हवामानाची आणि आगीची. ती कोणी ‘आणली’ असे क्वचितच म्हटले जाते.

मंदी लागली हे कळायलाही वेळ जातो. अमेरिकेत तो निर्णय अर्थतज्ज्ञांची एक समिती देते. डिसेंबर 2007 मध्ये सुरू झालेली मंदी तिने जाहीर केली ती डिसेंबर 2008 मध्ये.