मोठे टायर टाकल्यावर पिकअपचा पिकअप का पडतो?

इसुझूची व्ही-क्रॉस ही पिकअप (मागे उघडा हौदा असलेली गाडी) आपल्याकडे 2016 साली आली, मग 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली, आणि अशी गाडी घेतली की बऱ्याच जणांचं पहिलं काम ठरलेलं, कंपनीचे टायर काढायचे आणि जाडजूड खडबडीत टायर टाकायचे. दिसतात भारी, यात वादच नाही. पण थोड्या दिवसांत कुरबुर सुरू होते की गाडी उठत नाही, अ‍ॅव्हरेज पडलं, आणि मग दोष डिझेलला नाहीतर पंपवाल्याला.

खरं तर हिशोब टायरच्या कडेवरच छापलेला असतो. समजा कंपनीचा टायर 265/65 आर17 आहे, म्हणजे रुंदी 265 मिमी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्याच्या 65 टक्के, रिम 17 इंची. सगळं मिळून व्यास भरतो 776 मिमी. त्याच रिमवर 285/70 चढवला की व्यास 831 मिमी, म्हणजे 7 टक्के जास्त. ग्राउंड क्लिअरन्स मात्र 55 मिमी वाढत नाही हां, त्याच्या निम्मा, 27 च्या आसपास, कारण उरलेली वाढ एक्सलच्या वर जाते.

आता हे 7 टक्के म्हणजे गाडीचे पहिल्यापासून टॉपपर्यंत सगळे गिअर एकदम 7 टक्क्यांनी उंच केल्यासारखं आहे. इंजिन टॉर्क (फिरवण्याचा जोर) तेवढाच देतं, एक्सलपर्यंत तेवढाच पोचतो, पण रस्त्याला मागे रेटणारा जोर म्हणजे टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या, आणि त्रिज्या वाढली की जोर कमी. चढावर सायकल वरच्या गिअरलाच ठेवून पॅडल मारत राहिलं तर मांड्या भरून येतात ना, तसंच इंजिनाचं होतं. खंबाटकीत जिथे चौथ्यावर आरामात निघायची तिथे आता तिसरा टाकावा लागतो.

यावर काहीजण म्हणतात, अहो पण हायवेला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कमी लागतात, मग डिझेल वाचायला नको का? थोडंसं खरं आहे. आधी 100 च्या स्पीडला 2000 आरपीएम असतील तर आता 1870 लागतील. पण हा फायदा दुसरीकडून कधीच निघून जातो, कारण गाडी उंच झाली, खालून जास्त हवा शिरते, टायर रुंद असल्यामुळे समोरून हवेचा अडथळाही वाढतो, आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढत जातो, म्हणजे 50 चे 100 केले की चौपट.

वजनाबद्दल लोक फार बोलतात, मला ते जरा अति वाटतं. फिरणाऱ्या वस्तूच्या कडेला असलेलं वजन स्पीड घेताना जवळपास दुप्पट मोजावं लागतं हे बरोबर, कारण ते पुढेही न्यायचं आणि गरगर फिरवायचंही. पण दर टायर 6 किलो जास्त धरला तरी चारांचे 24, दुप्पट म्हणून 48 किलो, आणि गाडी दोन टनांच्या वर. दोनेक टक्के झाले. सिग्नलला थोडं जाणवेल, बस.

खरा चोर आहे टायरची नक्षी. मड टायरचे (चिखलासाठीच्या खडबडीत टायरचे) ते मोठे मोठे ठोकळे रस्त्यावर दबतात, मुरडतात, परत सरळ होतात, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन जाते. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या 2006 च्या अहवालात हे मांडलंय, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना रस्त्यावर होणारा विरोध) 10 टक्के बदलला की इंधनात 1 ते 2 टक्के फरक पडतो. त्यामुळे त्याच मापाचा हायवे टायर आणि मड टायर यांचं अ‍ॅव्हरेज वेगळं येतं, साइजचा काही संबंध नसतानाही.

आणि अ‍ॅव्हरेज पडलं हे तरी कशावर बघता? मीटर चाकाचे फेरे मोजतो. 1000 किमी खरे गेलात तरी तो 934 च दाखवणार. आधी 12 मिळायचे आणि आता मीटरवरून 10.5 येत असतील तर खरा आकडा 11.2 आहे, म्हणजे जवळपास निम्मी घसरण नुसती कागदावरची. जीपीएसने एकदा ताडून बघा. स्पीडचंही तेच, काटा 100 वर असतो तेव्हा गाडी आधीपेक्षा 7 टक्के जास्त पळत असते (कंपनीचा मीटर मुळात जरा जास्तच दाखवतो म्हणून थोडं सावरतं).

हे सगळं डांबरावरचं झालं. आइसलँडमध्ये आर्क्टिक ट्रक्स नावाची कंपनी याच हायलक्सला 38 आणि 44 इंची टायर लावते आणि बर्फावर हवा 3-4 पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर पसरतो, जमिनीवरचा दाब कमी होतो, गाडी बर्फात रुतत नाही. रुतणाऱ्या गाडीला प्रत्येक क्षणी समोरचा बर्फ दाबत जावं लागतं, सगळं डिझेल त्यात जातं, त्यामुळे तिथे मोठा टायरच इंधन वाचवतो. 2007 मध्ये अशीच 38 इंचीवाली हायलक्स 1996 सालच्या चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या जागेपर्यंत गेली होती. पण ते लोक नुसते टायर टाकून थांबत नाहीत, डिफरन्शियलचे (एका एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीचे) गिअरपण बदलतात, म्हणजे गेलेला जोर परत आणतात. आपल्याकडे ते सहसा कोणी करत नाही, शिवाय गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच.

ब्रेकचं तर कुणी विचारतच नाही. डिस्क तेवढीच, चाक मोठं, म्हणजे तेवढंच थांबायला पाय 7 टक्के जास्त दाबायचा.

आणि स्टेपनी. चार टायर मोठे घेतले, पाचव्याचे पैसे वाचवले, असं सर्रास असतं. पंक्चर झालं की एका बाजूला 831 आणि दुसऱ्या बाजूला 776, दोन्ही चाकांचे फेरे वेगळे, डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहणार, आणि त्यात कोणी फोर बाय फोर टाकलं तर पुढच्या-मागच्या एक्सलची ओढाताण सुरू. पाचवा घ्यायचा नसेल तर स्टेपनी टू-व्हीलवरच, हळू, आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच.