दोशी, वालचंद हिराचंद

(२३ नोव्हेंबर १८८२ – ८ एप्रिल १९५३). बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीचे सहसंस्थापक. जहाजवाहतूक, बांधकाम, साखर व मोटार या धंद्यांतील उद्योजक. जन्म सोलापूरचा, व्यापारी जैन कुटुंबातला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार व सावकारी. शहरातील एक वाचनालय त्यांच्याच नावाचे आहे. वालचंदांचे मॅट्रिक सोलापुरात, पुढील शिक्षण मुंबई व पुण्यात. ते पदवीपर्यंत गेले नाही.

पेढीवर मन रमेना तेव्हा वालचंदांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वे कंत्राटदाराशी भागीदारी केली. भांडवल घरचे, कामाची माहिती फाटकांची. सुरुवातीची कामे बार्शी लाइट रेल्वेची. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी कुर्डुवाडी–बार्शी मार्गावर १८९७ पासून धावत होती. भागीदारीचा काळ सामान्यतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरतात. पुढच्या बहुतेक उद्योगांतही त्यांना सोबती होते. म्हणून त्यांना एकट्याने संस्थापक म्हणण्याचा प्रघात सैलच मानावा लागतो.

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

विमान कारखान्याच्या उगमाविषयी दोन मते आहेत. रूढ कथेनुसार १९३९ च्या सुमारास प्रवासात वालचंदांची अमेरिकन विमान उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली व बोलण्यातून कल्पना निघाली. पॉलींचा चीनमधील कारखाना जपानी हल्ल्यांच्या टप्प्यात होता, तेव्हा सुरक्षित जागेची गरज त्यांनाही होती. दुसऱ्या मताप्रमाणे श्रेय म्हैसूर संस्थान व दिवाण मिर्झा इस्माईल यांच्याकडे जाते. जागा आणि भांडवलातील वाटा त्यांनीच दिला. दोन्ही मते जोडणारा दुवा विश्वेश्वरय्यांच्या मोटार कारखान्याच्या खटपटीत सापडतो. त्या योजनेत वालचंद होते आणि म्हैसूर दरबारही. प्रवासातल्या भेटीपेक्षा ही जुनी ओळख अधिक निर्णायक वाटते.

कंपनीची नोंदणी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे झाली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार भागधारक झाले. वसूल भांडवलाचा तिसरा हिस्सा त्याचा होता. अमेरिकेतून आलेल्या सुट्या भागांची जोडणी करून हार्लो जातीचे शिकाऊ विमान त्याच वर्षी तयार झाले. १९४२ मध्ये सरकारने व्यवस्थापन हाती घेतले आणि वालचंदांचा संबंध संपला. पुढे १९६४ मध्ये विलीनीकरणानंतर कंपनीला हिंदुस्थान एरोनॉटिक्स हे नाव मिळाले.

विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. तेथील ‘जलउषा’ ही बोट १९४८ मध्ये पाण्यात उतरली. तोवर प्रीमियर ऑटोमोबाइल्सही (१९४४) सुरू झाली होती. रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे त्यांचे साखर उद्योग. रावळगावच्या गोळ्या पुढे घरोघरी गेल्या. प्रकृती ढासळल्याने १९५० मध्ये निवृत्ती. निधन गुजरातमधील सिद्धपूर येथे. सोलापूर व सांगली येथील वालचंद नावाची महाविद्यालये त्यांच्या स्मरणार्थ आहेत.