विजय कोणाच्या खाती मांडायचा?

सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर अभियांत्रिकीचे विद्यार्थी जमले, की ‘फेरारी मोठी की पोर्शे?’ हा वाद हटकून निघतो, आणि आकडे दोन्ही बाजूंकडे तयार असतात. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या जागतिक मालिकेत १९५० पासून एकही हंगाम न चुकवणाऱ्या फेरारीच्या नावावर निर्मात्यांची १६ विजेतेपदे आहेत. फ्रान्समधील ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत मात्र २०२५ अखेर पोर्शेचे १९ विजय आहेत आणि फेरारीचे १२. मोटार रॅलीच्या शर्यतींचा विषय निघाला, की निर्मात्यांची १० जागतिक विजेतेपदे मिळवणारी इटलीची लान्सिया दोघींनाही मागे टाकते.

आकडे खरे असले, तरी मोजपट्टी तपासावी लागते. मर्सिडीजने १९५४ आणि १९५५ मध्ये जागतिक मालिकेतील १२ शर्यतींत उतरून ९ जिंकल्या. परंतु निर्मात्यांचे विजेतेपद १९५८ साली सुरू झाल्यामुळे त्या रकान्यात या पराक्रमाची नोंदच नाही.

याहून अवघड प्रश्न श्रेयाचा आहे, आणि तो सोलापूरकरांना फारसा समजावून सांगावा लागत नाही. मजुरीवर माग चालवणाऱ्याने विणलेली चादर व्यापाऱ्याच्या लेबलाने विकली जाते, तेव्हा ती नेमकी कोणाची, हे पूर्व भागातल्या कोणत्याही विणकराला विचारावे. फॉर्म्युला वनमध्ये १५५ विजय मिळवणारे डीएफव्ही इंजिन फोर्डच्या नावाने धावले. पैसा फोर्डचा होता, पण आरेखन आणि बांधणी इंग्लंडमधील कॉसवर्थची होती. १९६७ साली लोटस संघाच्या गाडीत हे इंजिन केवळ बसवलेले नव्हते, तर तेच सांगाड्याचा मागचा भाग होते: मागचे सस्पेन्शन थेट इंजिनाला आणि गिअरबॉक्सला जोडल्यामुळे वेगळ्या चौकटीचे वजन वाचले आणि गाडीचा ताठपणाही टिकला.

पोर्शेच्या बाबतीत नेमके उलटे घडले. १९८४ आणि १९८५ मध्ये मॅक्लारेन संघाला विजेतेपद मिळवून देणारे दीड लिटरचे टर्बो इंजिन पोर्शेने घडवले, पण त्यावर नाव होते पैसे देणाऱ्या टॅग कंपनीचे. टर्बोमध्ये बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो आणि ते चक्र आत येणारी हवा दाबते. दाबलेली हवा तापून पुन्हा प्रसरण पावू पाहते, म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड करावी लागते. (मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला, की त्याच दाबाच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सोलापूरच्या हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते, टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो.)

लेबलाऐवजी घडवणाऱ्या हातांना मोजायचे, तर माझे मत पोर्शेच्या बाजूने झुकते. मात्र ते देताना १९९१ सालही विसरता येत नाही. त्या वर्षी पोर्शेने फुटवर्क संघाला स्वतःच्या नावाचे बारा सिलिंडरचे इंजिन दिले. ते जड ठरले, एकही गुण मिळवू शकले नाही, आणि हंगामाच्या मध्यावर काढून टाकले गेले. त्याच्या जागी बसवलेले इंजिन डीएफव्हीच्याच वंशातले होते, आणि त्यावर नाव फोर्डचे होते.